अंगच्या मापाचे वाद्य

सावंतवाडीहून निघालेला रस्ता दाणोली मागे टाकून घाट चढत आंबोलीस येतो आणि तेथून आजरा, गडहिंग्लज करीत देशावर जातो. या रस्त्याच्या खालच्या टोकाला चितारआळी आहे, जेथे लाकडाला खरादाने आकार आणि लाखेने रंग देणारी चिताऱ्यांची घराणी पिढ्यान्पिढ्या नांदत आली. आणि वरच्या टोकाला, कोल्हापूर ओलांडल्यावर, मिरज आहे, जेथे भोपळा, लाकूड आणि तार या तीन पदार्थांतून स्वर काढण्याची विद्या दीडशेहून अधिक वर्षे अखंड चालू आहे. आंबोलीच्या घाटमाथ्यावर राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या दोन्ही गावांचे सान्निध्य ही एक मोठी मिरास वाटते, आणि म्हणूनच, आज ज्या वाद्याचा या दोहोंपैकी एकाही गावाशी प्रथमदर्शनी काही संबंध दिसत नाही, त्या बेस गिटारविषयी, आणि तीही आखूड मापाची व मुद्दाम घडवून घेतलेली असावी याविषयी, चार शब्द लिहिण्याचे मी योजिले आहे.

निमित्त घरचेच आहे. माझ्या भाचीला बेस गिटार शिकावयाची आहे. देवळातल्या भजनात पखवाजाच्या धुम्यावरचा घुमारा ऐकत ती वाढली, आणि संगीतात खालून आधार देणारा जो स्वर असतो त्याचीच तिला उपजत ओढ आहे. तिच्या हाताचा पंजा लहान आणि अंगलट किरकोळ. शहरातल्या एका दुकानात तिने चार तारांचे ते लांबलचक वाद्य मांडीवर घेतले, पहिल्या पडद्यावर तर्जनी आणि चौथ्यावर करंगळी ठेवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिला सांगण्यात आले की, हात लहान असेल तर या वाद्याच्या नादी न लागता दुसरे एखादे निवडावे. हा सल्ला सद्भावनेने दिलेला असला तरी तो मला मुळातच विपरीत वाटतो, कारण त्यात वाद्याचे माप निसर्गसिद्ध आणि माणसाचे माप सदोष असे गृहीत धरलेले आहे. वस्तुतः जे माप आज प्रमाण म्हणून मिरविते, ते एका माणसाने, एका विशिष्ट वर्षी, आपल्या कारखान्यात बसून ठरविलेले आहे.

ते वर्ष १९५१, आणि तो माणूस कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर. त्याने ‘प्रिसिजन बेस’ या नावाने जे वाद्य त्या वर्षी बाजारात आणले, त्याच्या तारगहनापासून घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी ३४ इंच होती. काही लहानमोठी मापे करून पाहिल्यानंतर त्याला हे माप पसंत पडले. परंतु त्यापूर्वी खालच्या स्वरांचे काम ज्या उभ्या ‘डबल बेस’कडे होते, त्याची तार साधारण ४१-४२ इंचांची असे, म्हणजे ज्याला आज पूर्ण माप म्हणतात तेच मूळ वाद्याच्या मानाने चांगले सात-आठ इंच आखूड केलेले माप आहे, आणि ते आखूड केले गेले ते वादकाला वाद्य खांद्यावर घेऊन वावरता यावे या सोयीसाठीच. फेंडरच्याही आधी, १९३०च्या दशकात, सिएटल येथे पॉल टुटमार्क याने पडद्यांची जी विजेची बेस गिटार केली, तिची तार सुमारे ३० इंचांची होती. १९५३ साली गिब्सन कंपनीने व्हायोलिनच्या आकाराची जी बेस काढली ती साडेतीस इंचांची, आणि १९५६ साली जर्मनीतील हॉफ्नर घराण्याने काढलेली ‘५००/१’ ३० इंचांच्या आसपासची. तात्पर्य, आखूड बेस ही लांब बेसची कोणी नंतर केलेली बालआवृत्ती नव्हे. या वाद्याच्या जन्मकाळापासून दोन्ही वंश शेजारी शेजारी चालत आलेले आहेत, आणि त्यांतल्या एकाला व्यापाराने सिंहासन दिले इतकेच.

चार इंचांच्या या फरकाने हाताला काय मिळते आणि कानाला काय द्यावे लागते, याचा हिशेब स्वच्छ मांडता येतो. पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे बारा समप्रमाण भाग करून पडदे बसवितात, त्यामुळे तार लहान झाली की प्रत्येक घर त्याच प्रमाणात लहान होते. ३४ इंचांच्या दांडीवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर ५.१ इंच भरते; ३० इंचांच्या दांडीवर तेच साडेचार इंच होते. सहा दशांश इंच, म्हणजे साधारण पंधरा मिलिमीटर, ही ऐकायला क्षुल्लक बाब आहे; पण ज्याच्या करंगळीला तेवढीच वाट कमी पडते आहे, त्याच्या दृष्टीने वाजविता येणे आणि मनगट दुखवून घेणे यांमधली ती सीमारेषा आहे. आता दुसरी बाजू. तारेचा ताण तिच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, यास्तव तीच तार त्याच स्वराला लावून ३४ऐवजी ३० इंचांवर ताणली तर ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. बेसचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला जेमतेम ४१ आंदोलनांचा. तेथे ताण कमी पडला की तार सैल हलते, पडद्यावर आपटते आणि स्वराची कड बोथट होते. यावर उपाय आहे, आणि तो म्हणजे तार सुमारे १३ टक्क्यांनी जाड घेणे. पण जाड तारेची लवचीकता कमी, तिच्यातून निघणारे वरचे अनुनाद क्षीण, आणि म्हणून आखूड बेसचा आवाज अधिक गोल, अधिक गाभ्याचा, किंचित झाकलेला असा येतो. ज्याला प्रत्येक स्वराची टाचणीसारखी टोकदार खणखण हवी असेल त्याने लांब वाद्यच घ्यावे. मला स्वतःला तो गोल आवाज अधिक प्रिय आहे, कारण गाणाऱ्याच्या गळ्याला तो जागा मोकळी ठेवतो.

ज्यांना हे वाद्य हीन प्रतीचे वाटते त्यांच्यासाठी थोडा इतिहास. पॉल मॅकार्टनी याने १९६१ साली हॅम्बुर्ग येथे तीसएक पौंडांना जी हॉफ्नर घेतली, ती आखूड मापाची होती. डावखुऱ्या माणसाने उलटी धरली तरी विद्रूप दिसू नये असा तिचा दोन्ही बाजूंनी समान आकार त्याच्या पसंतीस उतरला, आणि बीटल्सच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांतील बेसचा स्वर तिने दिलेला आहे. १९७२ साली चोरीला गेलेले ते वाद्य अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर धन्याच्या हाती परत आल्याची वार्ता २०२४च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. ‘क्रीम’ या त्रयीचा जॅक ब्रूस गिब्सनची आखूड ‘ईबी-३’ वाजवीत असे. अमेरिकेचा स्टॅन्ली क्लार्क, ज्याने बेसला एकलवादनाच्या आसनावर नेऊन बसविले, तो अलेंबिक या कॅलिफोर्नियातील कारागिरांनी हाताने घडविलेली आखूड दांडीची बेस मुख्यत्वे वाजवीत आला. आणि मला या सर्वांहून अधिक जवळचे वाटते ते बिल वायमन याचे उदाहरण. रोलिंग स्टोन्सचा हा बेसवादक लहान हातांचा; १९६१ साली त्याने एक स्वस्तातले वाद्य घेतले, त्याचे अंग करवतीने कापून आपल्या बेताचे केले, जीर्ण पडदे उपटून काढले आणि नवे बसविण्याच्या आधीच त्या बिनपडद्याच्या दांडीचा स्वर आवडल्याने ती तशीच ठेवली. ज्याच्याजवळ घडवून घेण्याइतके द्रव्य नव्हते त्याने स्वतः सुताराची हत्यारे हाती घेतली. पण वाद्याला आपल्यापाशी आणल्यावाचून तो राहिला नाही.

हे सर्व परदेशचे झाले. आपल्याकडे तर माणसाच्या मापाने वाद्य घडविणे हा अपवाद नसून रिवाज होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेत, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना पाणी आणि धार देणारे लोक. लढाया संपल्या, तलवारी म्यानात गेल्या, आणि पोलादाशी सलगी असलेले ते हात तारांकडे वळले. त्यांच्याच वंशजांनी व शिष्यांनी ‘सतारमेकर’ हे आडनाव धारण केले, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गवई मिरजेत येऊन राहिल्यावर तर गाणाऱ्याचा गळा आणि कारागिराचा कान यांची तेथे रोजची गाठ पडू लागली. तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, दांडीला व तबलीला तुनीचे लाकूड लागते, आणि वाद्य मागावयास आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा की, गाणारे कोण आणि पट्टी कोणती? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा लांब आणि मोठ्या भोपळ्याचा, काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा आखूड आणि लहान घेराचा. प्रवासात नेण्यासाठी त्याहून लहान तंबोरी. ‘पूर्ण मापाचा’ तंबोरा तो पुरुषांचा आणि बाकीचे अपूर्ण, असे मिरजेत कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

येथे एक भेद मात्र प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. स्त्रियांचा तंबोरा आखूड असतो तो स्वर उंच असल्यामुळे. तेथे लांबी कमी होते तसा स्वर चढतो. आखूड बेसमध्ये स्वर तोच ठेवून लांबी तेवढी कमी करावयाची आहे, म्हणून ताणाचा आणि जाडीचा जो प्रश्न वर सांगितला तो उद्भवतो. मिरजेच्या कारागिराला तो अपरिचित नाही. लहान तंबोरीला खालची पट्टी हवी असा आग्रह धरणारे गिऱ्हाईक आले की, तार जाड करावी लागते हे त्याला हाताने ठाऊक असते.

शिवाय मंद्र स्वराचे वाद्य वादकाने आपल्या कल्पनेनुसार नव्याने घडवून घेतल्याचा एक थोर दाखला कोकणाच्याच भूमीशी निगडित आहे. डागर घराण्यातील उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांना रुद्रवीणेवर ध्रुपदाच्या आलापाचे गांभीर्य हवे होते, आणि परंपरेने चालत आलेली वीणा त्यांच्या मनातल्या स्वराला पुरी पडत नव्हती. तेव्हा त्यांनी कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्याकडून दांडी अधिक जाड, भोपळे अधिक मोठे आणि तारा अधिक वजनदार अशी वीणा करवून घेतली, नखी वापरण्याचे टाकून बोटांनीच ती छेडली, आणि सुराचा जो दीर्घ, खोल, श्वासासारखा ठाव त्यांनी गाठला तो आजही ध्वनिमुद्रणांतून ऐकता येतो. पनवेलजवळच्या पळस्पे येथे त्यांचे गुरुकुल उभे राहिले. डागरसाहेबांनी वाद्य वाढविले, माझी भाची ते घटवू इच्छिते. पण कारागिरापुढे बसून ‘मला असा स्वर हवा आहे आणि माझे हात असे आहेत’ असे सांगण्याचा अधिकार दोघांचाही सारखाच आहे. पुढे मुंबईत राहिलेल्या अन्नपूर्णादेवींनी सुरबहार हे सतारीहून मोठे, जड आणि मंद्रस्वरी वाद्य आत्मसात केले होते, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण खालच्या स्वराची वाद्ये पुरुषांची, असा जो एक समज बेसच्या बाबतीत आढळतो त्याला आपल्या परंपरेत काडीचाही आधार नाही.

परक्या वाद्याला आपलेसे करण्यातही आपण कधी संकोच केला नाही. युरोपातून आलेल्या पायपेटीला कलकत्त्यात हातभात्याची बाजाची पेटी केले गेले, नागपूरच्या पंडित मनोहर चिमोटे यांनी तिला स्वरमंडलाची जोड देऊन संवादिनी सिद्ध केली, डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडविली. विश्वमोहन भट्टांनी गिटारवर तरफा चढवून मोहनवीणा केली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी जे स्थान मिळविले, त्यात राहुलदेव बर्मन यांच्या बरोबरीने बेस वाजविणारे टोनी वाझ यांचे नाव रसिकांस ठाऊक आहे; त्या गाण्यांचा पाया आपण गेली पन्नास वर्षे ऐकत आहोत, आणि तरीही बेस हे वाद्य आपले नव्हे असे म्हणणे मला उचित वाटत नाही.

मग सिंधुदुर्गातल्या माणसाने ते घडवून कोठे घ्यावे? माझे उत्तर असे की, लाकूडकाम सावंतवाडीच्या किंवा कुडाळच्या चांगल्या मेस्त्रीकडून, पडदे आणि स्वर मिरजेच्या सतारमेकराकडून, आणि लोखंडी व विजेचा सरंजाम बाजारातून, अशी तिहेरी वाटणी केल्यास हे काम आपल्या मुलखात निश्चित होऊ शकते. कोणत्या गोष्टी आपल्या कारागिराला अवगत नाहीत हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकविता येणारे. बेसचे पडदे लाकडात खाच पाडून कायमचे ठोकावयाचे, तेथे अर्ध्या मिलिमीटरची चूक जन्मभर बेसूर बोलते. दांडीच्या पोटात जी पोलादी सळई बसवितात, जी १९२०च्या दशकात गिब्सनच्या थॅडियस मॅक्ह्यूने रूढ केली, तिची आपल्या कोणत्याही वाद्यात योजना नाही. आणि बेसच्या चार जाड तारांचा ओढा इतका जबर असतो की, तिच्यावाचून दांडी कालांतराने धनुष्यासारखी वाकू शकते. चुंबकावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सहस्रावधी वेढे घालून जो ‘पिकअप’ होतो, तो, आणि दातेरी खुंट्या, विकतच आणाव्यात. त्यात कमीपणा काहीच नाही, सतारीच्या पोलादी ताराही जर्मनीच्या रोस्लाव येथील तारेपासून होत आल्या आहेत. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. घोडीचा माथा कानशीने अंशाअंशाने घासून जवारी लावणारा जो हात आहे, तार कोठे टेकते आणि कोठून सुटते याची जाण त्याच्याइतकी सूक्ष्म असलेला हात जगातल्या कोणत्याही गिटारच्या कारखान्यात सापडणे कठीण. त्या हाताला एक आराखडा, एक नमुन्याचे वाद्य आणि पुरेशी मुदत द्यावी. बाकीचे तो शिकून घेईल.

लाकडाचा विषय माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, आणि वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास. आषाढ-श्रावणात येथे भिंतीला ओल, कपाटातल्या कपड्यांना बुरशी आणि दाराच्या फळ्यांना फुगवटा येतो. धुके खिडकीतून घरात शिरते आणि दिवस दिवस बाहेर पडत नाही. थंड व कोरड्या देशात वाळविलेल्या लाकडाचे वाद्य अशा हवेत आणून ठेवले म्हणजे ते पाणी पिते, फुगते, आणि हिवाळ्यात पुन्हा आकसते, तेव्हा पडद्यांची धातूची टोके दांडीच्या कडेबाहेर येऊन तळहाताला टोचू लागतात. येथल्या पावसाळ्यांची सवय असलेले लाकूड या उलाढालीला अधिक शांतपणे तोंड देते. जुनी घरे पाडताना निघालेले फणसाचे खांब आणि सागवानी तुळया, ज्यांनी पन्नास-साठ पावसाळे पाहिले आहेत, त्यांहून पक्के वाळलेले लाकूड कोणत्याही वखारीत मिळणार नाही. फणस तर वाद्याचेच लाकूड आहे. मृदंग आणि दक्षिणेची वीणा त्यातूनच होतात. अंगासाठी मी शिवणीची शिफारस करीन, कारण ती वजनाला हलकी, तासायला सोपी आणि वाकण्या-पिळण्याच्या बाबतीत अत्यंत गुणी आहे, आणि लहान चणीच्या वादकाच्या खांद्याला अर्धा किलो कमी भार हीदेखील मोठीच सवलत ठरते. दांडीला जुना सागवान, आणि पडदे बसविण्याच्या पट्टीला शिसवी.

शिसवीचे नाव घेतले की मन थोडे खिन्न होते. सह्याद्रीत वाढणारा हा वृक्ष ‘इंडियन रोझवूड’ या नावाने जगभरच्या गिटारांच्या दांडीवर जाऊन बसला आहे; अमेरिकेतले आणि जपानमधले कारखाने त्याच्या पट्ट्या आवर्जून मागवितात, आणि आपण मात्र त्या पट्टीवर पडदे ठोकण्याचे काम आपल्या माणसाकडे सोपवावयास कचरतो. आंतरराष्ट्रीय करारान्वये शिसवीसह शिसमाच्या सर्व जाती २०१७ साली नियंत्रणाखाली आल्या आणि २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे लाकूड म्हणून जे सहजी सीमा ओलांडू शकत नाही, ते वाद्य होऊन ओलांडू शकते, हा कारागिरीच्या बाजूचा एक मोठाच युक्तिवाद कायद्यानेच आपल्या हाती दिलेला आहे. तथापि उभे झाड या कामासाठी तोडावे असे मी कधीही म्हणणार नाही. आंबोलीपासून दोडामार्गापर्यंतचे रान वन्य प्राण्यांच्या जाण्यायेण्याची वाट आहे आणि ते अबाधित राहिले पाहिजे. एका बेसच्या अंगाला पावणेदोन इंच जाडीची, फूट-सव्वा फूट रुंद आणि दीड फूट लांब फळी लागते. दांडी धरून आणि कापणीची तूट मिळवूनही अर्ध्या घनफुटात सारे भागते. पाडलेल्या घराच्या एका खांबात दोन-तीन वाद्ये निघतील.

यावर आक्षेप येतील, आणि ते अनाठायी नाहीत. पहिला आक्षेप असा की, आखूड बेस आता तयार मिळतात. फेंडरची ‘मस्टँग’ १९६६पासून ३० इंचांची आहे, जपानच्या आयबानेझने साडेअठ्ठावीस इंचांच्या जवळपास जाणारे वाद्य काढले आहे, आणि ती घडविलेल्या वाद्याहून स्वस्त पडतात. खरे आहे, आणि ज्याच्या हाताला तयार वाद्य नीट बसते त्याने ते अवश्य घ्यावे, उगाच कारागिराला शीण देऊ नये. पण आखूड दांडी हे एकच माप नाही. दांडीची रुंदी, तिच्या पाठीची गोलाई, अंगाचे वजन, पट्टा अडकविण्याची जागा, खांद्यावर घेतल्यावर दांडीचे टोक खाली झुकते की नाही, या सर्वांचे मिळून एक माप होते, आणि ते तयार वाद्यांत सरासरीच्या माणसाला धरून ठरविलेले असते. डावखुऱ्या मुलाला आपल्याकडच्या दुकानांत बहुधा काहीच मिळत नाही. ज्याच्या खांद्याला साठीनंतर संधिवात जडला आहे, ज्याचे बोट यंत्रात सापडून आखडले आहे, त्याला सरासरीचा काय उपयोग? अशांनी संगीत सोडावे हे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि येथे मी गिऱ्हाइकाची बाजू घेणार नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा सर्वांनाच अभिमान वाटला. पण त्या सनदेने कारागिराच्या घरी चूल पेटत नाही, ती पेटते नव्या कामाच्या मागणीने. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून विजेवर चालणारा तंबोरा बाजारात आला आणि गवयाच्या मागे बसणारी खऱ्या तंबोऱ्यांची जोडी मैफलीमैफलीतून विरळ होत गेली. चितारआळीत जी मुले आज खरादावर बसावयास हवी होती त्यांतली अनेक गोव्याच्या हॉटेलांत आणि मुंबईच्या कार्यालयांत आहेत, आणि त्यांना त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. आपण एखाद्या मेस्त्रीपुढे परदेशी वाद्याचे चित्र टाकून, कारखान्यातल्या वाद्याच्या अर्ध्या किमतीत तसेच करून दे म्हणून घासाघीस करणार असू, तर ते कामही होणार नाही आणि ती माणसेही राहणार नाहीत. हाताने घडविलेले वाद्य कारखान्याच्या वाद्याहून महाग असणे हेच न्याय्य आहे, कारण त्या किमतीत एका माणसाचे महिने गेलेले असतात. पहिले वाद्य घडविताना तर तो शिकतही असतो, आणि त्या शिकण्याची मजुरी देणे हे मागणी करणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

कर्तव्य केवळ द्रव्याचे नाही, तपशिलाचेही आहे. ‘जरा लहान करा’ एवढ्यावर काम सोपविणाऱ्याने पुढे तक्रार करू नये. काम देण्यापूर्वी कागदावर रीतसर करारनामा व्हावा आणि त्यात तारेची मोकळी लांबी इंचांत व मिलिमीटरांत लिहिलेली असावी: ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. तारगहनापाशी दांडीची रुंदी, लहान हाताला ३८ मिलिमीटर पुरे. पडद्यांची संख्या. तारांची जाडी आणि त्या आखूड वाद्यासाठीच काढलेल्या असाव्यात ही अट, कारण लांब वाद्याची जाड तार कापून खुंटीला गुंडाळली तर ती पिळते आणि तुटते. लाकूड कोणी आणावयाचे, वजनाची कमाल मर्यादा किती, लेप लाखेचा की तेलाचा. इसारा किती, मधला हप्ता केव्हा, मुदत कोणती, आणि मुदत पावसामुळे लांबली तर ती कारागिराची कसूर समजली जाणार नाही हे कलम. दांडी तासून झाली की, पडदे ठोकण्याच्या आधी, वादकाने स्वतः जाऊन ती हातात धरून पाहावी. त्या अवस्थेत पाठीवरून एक मिलिमीटर लाकूड काढणे पाच मिनिटांचे काम आहे, आणि तीन आठवड्यांनंतर ते अशक्य आहे. माझी भाची तेवढ्यासाठी मिरजेस जाण्यास तयार आहे.

आंबोलीसाठी करारात आणखी एक कलम मी घालीन. तारा चढवून वाद्य ताब्यात दिले म्हणजे व्यवहार पुरा झाला असे न मानता, ते येथे एक पूर्ण पावसाळा राहू द्यावे, आणि पौष-माघात, हवा कोरडी पडल्यावर, कारागिराने एकदा ते पुन्हा तपासून दांडीतली सळई, घोडीची उंची आणि पडद्यांची टोके सारखी करावीत. या खेपेचा प्रवासखर्च आणि दिवसाची मजुरी आरंभीच्या किमतीत धरून ती रक्कम वेगळी राखून ठेवावी, आणि वाद्य निर्दोष निघाले, काही करावे लागले नाही, तरीही ती त्याला पुरती द्यावी.